कॉफी आणि एक तास

आमच्या लहानपणी घरात चहा सर्वांचा असे आणि कॉफी प्रसंगाची. जावई किंवा व्याही घरी आले, कोणी तापातून उठले, किंवा एखाद्या मुलाची दहावीची परीक्षा जवळ आली, तरच फळीवरचा कॉफीचा डबा खाली यायचा. दूध चांगले उकळायचे, त्यात चमचाभर पूड, सढळ हाताने साखर आणि वर सहाणेवर उगाळलेले जायफळ. जायफळाने झोप येते असे आजी म्हणायची आणि कॉफीने झोप उडते असे वडील म्हणायचे. दोन्ही एकाच पेल्यात घालून मुलाला अभ्यासाला बसवले जायचे. त्याने जागावे की झोपावे, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

कॉफी प्रकृतीला चांगली की वाईट, हाही प्रश्न त्या काळी कोणाला पडत नसे. जी वस्तू महिन्यातून दोनदा मिळते तिच्या परिणामांची चिंता कोण करणार? चिंता सुरू झाली ती कॉफी रोजची झाल्यावर. आमच्या घरात ती रोजची झाली माझ्यामुळे. बँकेच्या नोकरीत काही वर्षे तामिळनाडूत काढली आणि पितळी फिल्टर घेऊन परत आलो. तेव्हापासून सकाळची कॉफी करणे हे माझे काम. रात्रीच फिल्टरमध्ये पूड दाबून डिकॉक्शन लावून ठेवायचे, पहाटे दूध तापवायचे आणि सहाच्या सुमाराला पत्नीच्या हातात पेला द्यायचा. संसारात आपण केलेली कामे मोजायची वेळ आली, की मी हे काम सर्वांत वर ठेवत असे.

काही वर्षांपूर्वी पत्नीला थायरॉईडचा त्रास निघाला. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आयुष्यभर. गोळी लहान, त्यामुळे तिचे कोणाला काही वाटले नाही. पण रक्ततपासणीतला टीएसएचचा आकडा काही केल्या खाली येईना. पन्नास मायक्रोग्रॅमची गोळी पंचाहत्तरची झाली, मग शंभरची. थकवा तसाच, केस गळणे तसेच, जिना चढताना मध्ये थांबणे तसेच. "वयाप्रमाणे व्हायचंच," असे तीही म्हणू लागली आणि मीही. पुढे आमचे नेहमीचे डॉक्टर गावाला गेलेले असताना एका तरुण डॉक्टरीणबाईंकडे जाण्याचा योग आला. त्यांनी कागद चाळले आणि विचारले, "काकू, गोळी कशाबरोबर घेता?"

"ह्यांनी दिलेल्या कॉफीबरोबर," पत्नीने कौतुकाने सांगितले.

"उपाशीपोटीच ना?"

"हो, उपाशीपोटीच. कॉफीशिवाय पोटात काही नसतं."

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहिले : गोळी फक्त पाण्याबरोबर, कॉफी एक तासाने. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासले, तर आकडा जागेवर आला होता. पुढच्या तपासणीत डोस कमी करावा लागला. दोन वर्षे मी रोज पहाटे मोठ्या प्रेमाने पत्नीचे औषध वाया घालवत होतो!

थायरॉईडच्या या औषधाचे, म्हणजे लेव्होथायरॉक्सिनचे, शोषण कॉफीमुळे कमी होते, हे इटलीतील संशोधकांनी २००८ साली प्रयोग करून दाखवले आहे. शोधाला इतकी वर्षे झाली, तरी आमच्या ओळखीच्या किमान चार घरांत ही गोळी चहा-कॉफीबरोबर घेतली जात होती. "उपाशीपोटी" या शब्दात आपण चहा-कॉफी धरतच नाही. आपल्याकडे उपासालासुद्धा ती चालते. मग उपाशीपोटाला का चालू नये? हा लेख लिहायचे ठरवले ते त्या चिठ्ठीमुळे. त्या निमित्ताने कॉफीबद्दल जे खात्रीलायक ते वाचले, आणि जुन्या सवयीने त्याचा जमाखर्च मांडला.

कॉफीचा मुख्य कर्ता कॅफीन. १८१९ साली जर्मन कवी गटे याने रुंगे नावाच्या तरुण रसायनशास्त्रज्ञाच्या हातात कॉफीच्या बिया ठेवल्या आणि यात काय आहे ते शोध, असे सांगितले. रुंगेने त्यातून कॅफीन वेगळे काढले. ते नेमके काय करते, हे समजायला मात्र विसावे शतक बरेचसे सरावे लागले. आपण जागे असतो तसतसे मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साठत जाते. ते आपल्या ठरलेल्या जागी जाऊन बसले, की पेंग येते. कॅफीनची घडण त्याच्याशी मिळतीजुळती असल्यामुळे ते आधीच त्या जागा अडवून बसते. एस.टी.त रुमाल टाकून जागा धरण्यातलाच हा प्रकार. म्हणजे कॉफी आपल्याला शक्ती देत नाही; थकल्याची वर्दी तेवढी अडवते. थकवा आत साठतच असतो आणि रुमाल उचलला गेला, की तो एकदम येऊन बसतो.

हा रुमाल किती वेळ राहतो? हिशेब घटत्या शिलकेवरच्या घसाऱ्याचा आहे. निरोगी माणसाच्या शरीरातील कॅफीन सुमारे पाच तासांनी निम्मे होते. संध्याकाळी पाच वाजता घेतलेल्या कॉफीत शंभर मिलिग्रॅम कॅफीन असेल, तर रात्री दहाला पन्नास शिल्लक आणि पहाटे तीनला पंचवीस. पाच तास ही अर्थात सरासरी. कोणाचे दोन तासांत निम्मे होते, कोणाला नऊ तास लागतात. जेवणानंतर कॉफी पिऊन घोरणारे मेहुणे आणि दुपारच्या कॉफीने रात्रभर कूस बदलणाऱ्या वन्सं, हे दोघेही खरे बोलत असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ही मुदत पंधरा तासांपर्यंत लांबते. सिगारेट ओढणाऱ्यांत ती बरीच कमी असते. म्हणून सिगारेट सोडणाऱ्याला एक अनपेक्षित अनुभव येतो. कॉफी पूर्वीइतकीच, पण आता ती दुप्पट चढते. छाती धडधडते, झोप लागत नाही. त्याला वाटते, हे सिगारेट सोडल्याचे फळ, आणि तो पुन्हा पानाच्या गादीकडे वळतो. त्याने सिगारेटकडे न वळता कॉफी कमी करावी. सिप्रोफ्लॉक्सॅसिन हे आपल्याकडे सर्रास दिले जाणारे अँटिबायोटिकही कॅफीनचा निचरा रोखते. त्याचा कोर्स चालू असताना कॉफी जपून घ्यावी.

झोपेचे नुकसान आपल्याला वाटते त्याहून मोठे असते. अमेरिकेत २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, झोपायच्या सहा तास आधी चारशे मिलिग्रॅम, म्हणजे चारेक कपांतले, कॅफीन घेतलेल्यांची झोप तासाहून अधिक कमी झाली. तो प्रयोग लहान होता आणि कॅफीनची मात्रा मोठी, हे खरे. पण दिशा स्पष्ट आहे. परीक्षेच्या दिवसांत मुलाला रात्री दहाला कॉफी करून देणाऱ्या आयांनी हे ध्यानात घ्यावे. वाचलेले स्मरणात पक्के होते ते झोपेत. जागून चार पाने जास्त वाचायची आणि आधीची चाळीस कच्ची ठेवायची, हा व्यवहार तोट्याचा.

कॅफीनची सवय लागते ती इतकी सौम्य, की ती सवय आहे हेच कळत नाही. कळते ती एके दिवशी कॉफी चुकली, की. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत डोके धरते, चिडचिड होते, कामात लक्ष लागत नाही. हे दोन दिवस वाढते आणि आठवडाभरात जाते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या निदानग्रंथात २०१३ सालापासून याची रीतसर नोंद आहे. आपल्याकडे हरतालिकेच्या निर्जळी उपासाला दुपारनंतर डोके धरले, की "पित्त झालं" म्हणतात. कधी ते पित्त असेलही. पण रोज तीन वेळा चहा-कॉफी घेणारीने त्या दिवशी एकही कप घेतलेला नसतो, हे कोणी लक्षात घेत नाही. सवय सोडायचीच असेल, तर एकदम तोडू नये. रोज अर्धा कप या हिशेबाने उतरावे.

आता मोठ्या रोगांकडे वळू. कारण भीती असते ती त्यांची. वर्तमानपत्रांतून कॉफी एकदा मारते आणि एकदा तारते. वाचक शेवटी कंटाळून म्हणतो, या शास्त्रज्ञांचे आधी आपसांत ठरू दे. मीही तसे म्हणत असे. पण हे उलटसुलट निष्कर्ष कसे निघतात ते एकदा समजले, की शास्त्रज्ञांचा राग येत नाही.

स्वीडनचा राजा तिसरा गुस्ताव याची एक आख्यायिका आहे. कॉफी हे विष आहे, अशी त्याची खात्री. त्याने म्हणे फाशीची शिक्षा झालेल्या जुळ्या भावांना जीवदान दिले, ते एका अटीवर. एकाने आयुष्यभर रोज भरपूर कॉफी प्यायची आणि दुसऱ्याने चहा. देखरेखीला दोन वैद्य नेमले. आधी ते वैद्य वारले, मग १७९२ साली राजाचाच खून झाला, पुढे चहावाला भाऊ म्हातारपणी गेला आणि कॉफीवाला उरलाच. गोष्ट खरी असो वा नसो, दोन माणसांवरून काही सिद्ध होत नाही हा तिचा बोध खरा आहे.

मग हजारो माणसे घ्यावीत. पण तेथेही फसगत होते. १९८१ साली हार्वर्डच्या संशोधकांनी कॉफीचा संबंध स्वादुपिंडाच्या कर्करोगाशी जोडला आणि जगभर खळबळ उडाली. पुढे चूक लक्षात आली. तुलनेसाठी जे इतर रुग्ण घेतले होते, त्यांतील अनेक जण पोटाच्या विकारांचे होते आणि त्यांनी त्रास होतो म्हणून कॉफी आधीच कमी केली होती. साहजिकच त्यांच्या मानाने कर्करोगाचे रुग्ण अट्टल कॉफीबाज दिसले. १९८६ साली त्याच गटाने नव्या पाहणीनंतर तो संबंध स्पष्ट दिसत नसल्याचे कळवले. पण पहिली बातमी लक्षात राहते आणि दुरुस्ती राहत नाही.

दुसरी फसगत सिगारेटची. आमच्या बँकेत अकराच्या सुमाराला जी मंडळी खाली कॉफी प्यायला उतरत, त्यांतले निम्मेअधिक तिथे सिगारेट पेटवत. त्या मंडळींपैकी कोणी अकाली गेले असतील, तर दोष कपाचा की धुराचा? नेमका हाच प्रश्न अमेरिकेतील चार लाखांवर माणसांच्या पाहणीत आला. २०१२ साली ती प्रसिद्ध झाली. नुसते वय जमेस धरले, तेव्हा कॉफी पिणाऱ्यांत मृत्यू जास्त दिसले. धूम्रपानाचा भाग वजा केला, तेव्हा चित्र उलटले. कॉफी पिणाऱ्यांत मृत्यू किंचित कमीच निघाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनेही १९९१ साली कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाचे संभाव्य कारण म्हटले होते. २०१६ साली हजारांवर अभ्यास तपासून तो शिक्का काढून घेतला. त्याच वेळी तिने एक वेगळा इशारा दिला. पासष्ट अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेय, मग ते कोणतेही असो, अन्ननलिकेच्या कर्करोगाचे कारण असण्याचा बराच संभव आहे. जीभ भाजेल असा चहा घोटणाऱ्यांनीही हे ऐकावे. दक्षिणेत डबरा आणि टंबलर यांच्यात कॉफी वरखाली करतात. त्याने फेस येतो आणि ती निवतेही.

जमेच्या बाजूला आज बऱ्यापैकी रक्कम आहे. २०१७ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये दोनशेवर विश्लेषणांचा एकत्रित आढावा आला. दिवसाला तीन-चार कप पिणाऱ्यांत यकृताचे विकार, टाइप दोनचा मधुमेह, हृदयविकार यांचे प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा विकार, कॉफी पिणाऱ्यांत कमी असल्याचे हवाईतील आठ हजार पुरुषांच्या दीर्घ पाहणीतून २००० सालीच पुढे आले होते. मात्र हे सारे संबंध निरीक्षणातले आहेत. प्रकृती धड असलेली माणसेच कॉफी पीत राहतात, आजारी पडलेली ती सोडतात, असेही असू शकते. म्हणून न पिणाऱ्याने औषध म्हणून कॉफी सुरू करावी, असे कोणी जबाबदार डॉक्टर सांगत नाही. पिणाऱ्याने विनाकारण घाबरू नये, एवढा अर्थ त्यातून नक्की निघतो.

हृदयाचे काय? सॅन फ्रान्सिस्कोत शंभर निरोगी माणसांना चौदा दिवस कधी कॉफी प्या, कधी पिऊ नका, असे रोज कळवून त्यांची नाडी यंत्राने टिपली. २०२३ साली निष्कर्ष आला. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतले अवेळी ठोके कॉफीने लक्षणीय वाढले नाहीत, खालच्या कप्प्यांतले थोडे वाढले. कॉफीच्या दिवशी माणसे सुमारे हजार पावले जास्त चालली आणि छत्तीस मिनिटे कमी झोपली. एका कपाचा जमाखर्च याहून थोडक्यात मांडता येणार नाही! ज्यांना धडधड जाणवते त्यांनी डॉक्टरांना विचारावे. रक्तदाब मोजण्याआधी अर्धा तास कॉफी घेऊ नये. कॅफीनने तो तात्पुरता चढतो आणि नसलेल्या आजाराची गोळी मागे लागते.

कॉफी कशी करता, यालाही महत्त्व आहे. नॉर्वेतल्या ट्रॉम्सो शहराच्या पाहणीत १९८३ साली कॉफी आणि कोलेस्टेरॉल यांचा संबंध दिसला. तिकडे पूड पाण्यात उकळून, न गाळता पिण्याची रीत होती. दोष निघाला कॉफीच्या तेलातील कॅफेस्टॉल या द्रव्याचा. कागदी गाळणी ते जवळजवळ सर्व अडवते. इन्स्टंट कॉफीत ते नगण्य असते. आपल्या धातूच्या फिल्टरला कागदाची सर नाही. कोलेस्टेरॉल वाढलेले असेल आणि दिवसाला चार-पाच कप होत असतील, तर कागदी गाळणी वापरावी किंवा कप कमी करावेत. शिवाय पाकीट वाचावे. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफी निदान एक्कावन्न टक्के असावी, असा आपल्याकडे नियम आहे. चिकोरी म्हणजे एक भाजलेले मूळ, त्यात कॅफीन नसते. स्वस्त पूड कमी जागवते, त्याचे कारण हे. आणि साखर? चार कपांत दोन-दोन चमचे म्हणजे दिवसाला चाळीस ग्रॅम. मधुमेह टळेल म्हणून अशी कॉफी पिणाऱ्याला काय म्हणावे?

खर्चाच्या बाजूला दोन नोंदी ठळक आहेत आणि दोन्ही घरातल्या बायकांच्या नावावर पडतात. पहिली गरोदरपणाची. जास्त कॅफीनचा संबंध गर्भपाताशी आणि कमी वजनाच्या बाळाशी आढळला आहे. म्हणून या काळात दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत राहावे, असे युरोपातील अन्नसुरक्षा संस्था सांगते. दुसरी नोंद लोहाची. जेवणाबरोबरच्या एका कप कॉफीने अन्नातील लोहाचे शोषण एकोणचाळीस टक्क्यांनी आणि चहाने चौसष्ट टक्क्यांनी घटल्याचे अमेरिकेत १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसले. कॉफी जेवणाआधी तासभर घेतली तर काही बिघडले नाही. जेवणानंतर तासाने घेतली तरी मात्र तेवढाच तोटा झाला. आपल्या देशात २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या सत्तावन्न टक्के स्त्रिया रक्तक्षयाच्या आढळल्या. आधीच पालेभाजीतून, नाचणीतून मिळणारे लोह थोडे; त्यावर सगळ्यांची पाने वाढून झाल्यावर, उशिरा जेवून लगेच कपभर चहा किंवा कॉफी. लोहाची गोळीही कित्येकदा त्याच घोटाबरोबर.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली दिलेल्या आहारसूत्रांत हिशेब सोपा केला आहे. दीडशे मिलिलिटरच्या कपात, फिल्टरच्या कॉफीत ऐंशी ते एकशेवीस मिलिग्रॅम कॅफीन, इन्स्टंटमध्ये पन्नास ते पासष्ट आणि चहात तीस ते पासष्ट. दिवसाची मर्यादा तीनशे. आणि जेवणाआधी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी नको. चहा-कॉफीची बेरीज एकत्र करायची असते, हे विसरू नये. "मी दोनच कप कॉफी घेतो," असे सांगणारे गृहस्थ मधले चार चहा मोजत नाहीत.

आमच्या घरी आता फिल्टर रात्रीच लागतो, पण कॉफी सातला होते. सहाला पत्नीला पाण्याचा पेला आणि गोळी. दुपारी चारनंतर कॉफी बंद, जेवणानंतरची तर केव्हाच बंद. पहिले काही दिवस तो सकाळचा एक तास मोठा अवघड गेला. डिकॉक्शनचा वास घरभर आणि दोघे समोरासमोर नुसते बसलेले. मग एके दिवशी ती म्हणाली, "अहो, नुसते बसण्यापेक्षा खाली एक चक्कर मारून येऊ या." आता रोज जातो. दोन वर्षांपूर्वी जी पहिल्या मजल्यावर थांबायची, ती आता जिन्यात माझ्या पुढे असते. परत आल्यावर मी दूध तापवतो, आणि सणावाराला जायफळ उगाळतो. कॉफी तीच आहे, फक्त एक तास उशिरा येते.

आपल्याही घरी सकाळी कोणी गोळी घेत असेल, तर आज एवढेच विचारा : कशाबरोबर घेता?